स्वतःच

बाईंनी माझं पुस्तक हातात घेतलं, उलटं करून किंमत पाहिली आणि मग उघडलं ते थेट चौथं पान. ना अर्पणपत्रिका, ना अनुक्रमणिका. पेरूगेटपाशी संध्याकाळी साडेसहाची गर्दी, मागून दुचाक्या हॉर्न वाजवतायत, आणि बाई चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक नाकाशी धरून ते बारीक टायपातलं पान वाचतायत. प्रकाशक, पत्ता, अक्षरजुळणी, मुद्रक, पहिली आवृत्ती. शाळेत निबंधाच्या वह्याही त्या अशाच तपासायच्या, मजकुराआधी समास. पत्त्यावर त्यांचं बोट थांबलं. आठवीत मला कावीळ झाली होती तेव्हा त्या त्याच पत्त्यावर येऊन गेल्या होत्या. "म्हणजे स्वतःच काढलंयस," बाई म्हणाल्या. वाक्याला प्रश्नचिन्ह नव्हतं. मग मेथीच्या जुडीचं पाणी लागू नये म्हणून पुस्तक पिशवीत कडेने उभं सरकवलं, "वाचते हं" म्हणाल्या आणि भरत नाट्य मंदिराच्या दिशेने चालू लागल्या.

त्या बोलण्यात खोच नव्हती, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला चार वेळा सांगितलं. बाईंना खोचून बोलता येत नाही. त्यांना फक्त अचूक बोलता येतं, आणि तेच जास्त लागतं. नुसतं "स्वतः काढलंयस" म्हणाल्या असत्या तर मी पेरूगेट ते घर उड्या मारत आले असते. स्वतः शिवलंय, स्वतः लावलंय, स्वतः दळलंय, यात केवढं कौतुक असतं. पण त्याला तो एवढासा "च" लागला की कौतुकाची हवा निघून जाते आणि मागे उरतं ते, बिचारीला कुणी मिळालं नाही वाटतं. 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे हे मला बाईंनीच शिकवलेलं. शब्दाला चिकटतं पण शब्दाचं रूप बदलत नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. रूप बदलत नसेल. बाकी सगळं बदलतं.

आपल्याकडे याची मोठी गंमत आहे. सदाशिव पेठेत कुठल्याही गल्लीत शिरा, 'घरगुती' ही पाटी दिसेल आणि त्या पाटीमुळे चकलीचा भाव किलोमागे वाढलेला असेल. घरगुती मसाला, घरगुती पुरणपोळी, घरगुती उटणं. आमची कुठेही शाखा नाही, हे तर आपण छाती फुगवून सांगतो. पण घरगुती पुस्तक म्हटलं की त्याच माणसाच्या कपाळाला आठी. चकली करणारीने स्वतःच्या हाताने तळली तर ती चांगली आणि लिहिणारीने स्वतःच्या पैशाने छापलं तर त्यात काहीतरी कमी. मी या विषयावर नवऱ्यापुढे अर्धा तास बोलले. तो म्हणाला, चकली खाल्ली की लगेच कळतं, पुस्तकाचं कळायला दोनशे रुपये आणि चार दिवस जातात, म्हणून लोक आधी कुणाचा तरी शिक्का बघतात. त्याचं बरोबर होतं, त्यामुळे मी विषय बदलला.

शिक्का मिळवायला मी गेले नव्हते असं नाही. चौदा महिने वाट पाहिली. ज्या प्रकाशकांकडे हस्तलिखित दिलं होतं ते गृहस्थ म्हणून फार चांगले. मला बोलावलं, चहा सांगितला, पहिली तीन प्रकरणं खरंच वाचलेली होती, त्यातल्या दोन वाक्यांना ते हसलेही. मग म्हणाले, "ताई, मेसच्या आठवणी हा विषय गोड आहे, पण हा विकायचा कुठल्या कप्प्यात? आत्मकथन म्हणावं तर दुःख कमी पडतंय. एक करा, शेवटी पंचवीस पाककृती घाला. मेसची आमटी, मेसची उसळ. मग याला विषय आहे." मी म्हटलं, आईच्या मेसच्या आमटीची पाककृती म्हणजे कालची आमटी आणि दोन तांबे पाणी. ते पुन्हा हसले. निघताना दाराशी आणखी एक गोष्ट निघाली: पाककृती नको असतील तर लेखिकेने दीडशे प्रती विकत घेण्याची तयारी ठेवावी. त्यांच्या मागे भिंतीला लागून कमरेइतके गठ्ठे होते, सुतळी बांधलेले, वरच्या गठ्ठ्यांवर धुळीत कुणीतरी बोटाने फुली मारलेली. हे सगळे असेच कुणाचे ना कुणाचे. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजार प्रती असं धरून चालायचे. आता पाचशे म्हटलं तरी धाडस, तीनशेही चालतात. त्या गठ्ठ्यांकडे पाहिल्यावर मला त्यांचा राग येईना. राग आला असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

आईने सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत सत्तावीस वर्षं मेस चालवली. बाहेरच्या खोलीत दोन सतरंज्या, एका वेळी दहा पानं. आतल्या खोलीत दोन स्टोव्ह, नंतर गॅस, आणि कोपऱ्यात अभ्यास करणारी मी. माझ्या शाळेच्या सगळ्या पुस्तकांना फोडणीचा वास यायचा. मेंबर बहुतेक नगर, सोलापूर, बीड, लातूरकडचे. आधी इंजिनिअरिंगचे, नंतर नंतर एमपीएससीचे. आईकडे एक लांबट लाल वही असायची, तिच्यात प्रत्येक मेंबरच्या नावापुढे खाडे. ज्यांनी मेसमध्ये दिवस काढले त्यांना खाडा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की गावाला गेल्यावर न जेवलेल्या वेळांचे पैसे वळते होतात, पण सलग तीन दिवस असतील आणि आधी सांगितलेलं असेल तरच. त्या वहीत खूप काही होतं. कुणाचे वडील गेले म्हणून तेरा दिवस. कुणाचा निकाल लागला म्हणून दोन वेळा, आणि ते दोन नियमात बसत नसतानाही धरलेले. एक मुलगा एका मंगळवारी न सांगता गेला, त्याच्या नावापुढे महिनाभर आईने रोज खाडा मांडला, पुढच्या महिन्यातही मांडला, आणि मग एके दिवशी आडवी रेघ. पैसे त्याचेच आमच्याकडे निघत होते. तो न्यायला आला नाही. माझ्या पुस्तकाचं नाव 'खाडे' आहे. त्यात पाककृती कुठे घालणार?

तर मी ठरवलं. ठरवलं हा शब्दही मोठा झाला. एका रविवारी दुपारी आईची औषधं डब्यात भरता भरता म्हटलं, आपणच काढू. बघा, तिथेही 'च' आलाच.

नारायण पेठेत पत्र्या मारुतीच्या मागच्या बाजूला एका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, जिन्याखालच्या जागेत, अक्षरजुळणीचं दुकान आहे. दोन संगणक, एक पंखा आणि प्रूफांचे ढीग. तिथल्या दादांनी आयुष्यात किती पुस्तकं लावली असतील याची मोजदाद त्यांनाच नाही, पण त्यांतलं एकही वाचलं नाही असं ते अभिमानाने सांगतात. वाचलं की चुका होतात म्हणे. मी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून नेला होता. ते पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर, श्रीलिपीच्या फॉन्टात काम करणारे. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की काही अक्षरं वाटेत सांडतात आणि त्यांत पहिला बळी असतो आपल्या 'ऱ्या'चा. पहिलं प्रूफ हातात आलं तर माझ्या पुस्तकातल्या सगळ्या आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. गणपतीतल्या फीस्टला 'आचार्यांनी फोडणी जाळली'. दोन ठिकाणी आचार्य तंबाखू मळत बसले होते. मी आणि दादा इतके हसलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावलं. मग ल आणि श. दादांनी आपण होऊन सांगितलं की त्यांच्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श मिळेल, आपला मराठी. मोबाइलवर दिसतो तो हिंदी वळणाचा नाही. हे सगळं मला कुठल्या प्रकाशकाच्या ऑफिसात बसून कधी कळलं नसतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझं लिखाण वस्तू म्हणून दिसलं. शिवणाऱ्याला कापड दिसतं तसं.

वस्तू म्हटली की तिचं माप आलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात. माझी पानं भरली १५१. नऊ फॉर्म म्हणजे १४४. वरच्या सात पानांसाठी दहावा फॉर्म चढवायचा तर प्लेट, कागद, बांधणी, सगळं वाढणार आणि नऊ पानं कोरी राहणार. "सात पानं काढा की," दादा म्हणाले, सदऱ्याची बाही दोन बोटं कमी करा म्हणावं तसं. टाइप अर्धा पॉइंट लहान करून दोन पानं वाचली. प्रकरणांमधली मोकळी जागा कमी करून एक. उरलेली चार मी एका रात्रीत काढली. गॅसच्या नंबराची हकिगत गेली. एक स्वप्न गेलं, ते जायलाच हवं होतं. पोळ्यांच्या मावशींवरचं दीड पान गेलं. पानशेतच्या पुराबद्दल आजीकडून ऐकलेलं एक पान गेलं, कारण त्यावर पुण्यात सगळ्यांनी लिहून झालंय. सकाळी दादांना पाठवून दिलं आणि हलकं वाटलं. पाककृतींना नाही म्हणणारी मी सोळाच्या पाढ्याला मात्र मुकाट्याने हो म्हटलं, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

चौथं पान शेवटी लागलं. 'प्रकाशक' असं लिहून दादांनी कर्सर पुढे नेऊन ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक कोण, कुठला, हे छापलं पाहिजे ही अट १८६७ च्या कायद्यातली. सरकारला आधी माणूस सापडायला हवा होता, मजकूर नंतर. त्या कायद्याची जागा २०२३ च्या दुसऱ्या कायद्याने घेतली, पण पानाची सवय राहिली. मला वाटलं होतं, काहीतरी छानसं नाव ठेवू. अक्षर अमुक, शब्द तमुक. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, तर घरबसल्या फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची दिल्लीतली संस्था तो देते, आणि तिथे अर्ज भरताना मी तीन सुंदर नावं कागदावर लिहूनही ठेवली होती. ऐनवेळी लाज वाटली. नसलेल्या ऑफिसाची पाटी कशाला लावायची? आमच्या मेसलाही कधी पाटी नव्हती. मी दादांना माझं नाव आणि घरचा पत्ता घालायला सांगितलं. बाईंचं बोट पुढे ज्या ओळीवर थांबलं ती ही.

तीनशे प्रती रिक्षातून घरी आल्या तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. बाइंडरने वरून प्लॅस्टिक दिलं होतं आणि एक ताकीद: लगेच उघडून बघू नका, पाठीचा गोंद बसू दे. जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी, करून द्याल का, असं मी विचारलं होतं, तर त्याने माझ्याकडे जुन्या नाण्याकडे बघावं तसं पाहिलं होतं. मी अर्थातच लगेच उघडलं. खळीसारखा, रॉकेलसारखा, थोडासा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. आईने एक प्रत हातात घेऊन तिचं वजन केलं, पोळीचा उंडा तोलतात तसं, आणि विचारलं, "केवढ्याला पडली?"

एकशे वीसला. छापील किंमत दोनशे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात ठेवायची तर दुकानदाराचे चाळीस टक्के, म्हणजे ऐंशी गेले, राहिले एकशे वीस. आईने हे बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे तू फुकट वाढतेयस." दहा टक्के रॉयल्टी मिळाली असती तर प्रतीमागे वीस रुपये तरी सुटले असते. स्वातंत्र्याचा हिशोब हा असा आहे, आणि तो मांडायला सत्तावीस वर्षं मेस चालवलेली बाई घरात असावी लागते, नाहीतर माणूस स्वतःला हुतात्मा समजायला लागतो. मी त्या वाटेवर होतेच. कुणी विचारलं की सांगायचे, अहो याच पुण्यातल्या जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं छापून मुंबईच्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 'दीनबंधू' साप्ताहिकाने हात आखडता घेतला, १८८३ साली लिहून पूर्ण झालेलं ते पुस्तक त्यांच्या हयातीत सबंध छापून आलं नाही. हे खरं आहे. पण ते सांगताना माझा आवाज थोडा भरून यायचा आणि तो माझ्या तीनशे प्रतींसाठी भरून यायचा, हे तितकंसं शोभणारं नव्हतं. माझ्या पुस्तकाने कुणाचं आसन डळमळणार नव्हतं. फार तर एका मेंबरला वाईट वाटलं असतं, ज्याने वाटीत तळाला लपवलेला गुलाबजाम मी पृष्ठ ३८ वर उघडा केला आहे.

चार प्रती कायद्याने द्यायच्या असतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. बरेच जण देत नाहीत. मी सिटी पोस्टात रांगेत उभी राहिले. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञानपोस्ट सुरू झालंय, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये. माझं पुस्तक आरामात बसलं. चेन्नईतल्या कोनेमारा ग्रंथालयाचा पत्ता मराठीतून लिहायचा मोह आवरला. सदाशिव पेठेतल्या खाड्यांची वही आता तिथे, समुद्राच्या हवेत, कुठल्यातरी मांडणीवर असेल. ती तिथे कुणी उघडणार नाही याची मला खात्री आहे आणि तरीही सगळ्या प्रतींमध्ये मला तिच्याबद्दल सगळ्यात बरं वाटतं.

बाकी प्रती दिवाणाखाली. हिशोबाला मी आईचीच एक जुनी लाल वही घेतली, मागची कोरी पानं. नाव, प्रत, पैसे. पहिल्या महिन्यात एकशे अकरा गेल्या. त्यांतल्या चाळीसेक जुन्या मेंबरांनी नेल्या, एकाने तर लातूरहून पाच मागवल्या. नंतर दिवसाला एक, मग आठवड्याला एक. दिवसा ठीक असायचं. रात्री दीड-दोनला जाग आली की सुरू. ते सातवं प्रकरण फार लांबलंय का? तो शेवट बरा आहे का? आधी अशी शंका आली की प्रकाशकाच्या अंगावर टाकता यायची, ते बघतील, नको असेल तर काढतील. आता नको म्हणायला कुणी नव्हतं. मला वाटत होतं तेच मी मिळवलं होतं, आणि अंधारात ते तसं फार ऐसपैस वाटायचं, रिकाम्या बाहेरच्या खोलीसारखं, जिथे अजून सतरंज्या घातलेल्या नाहीत.

पेरूगेटच्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी बाईंचा फोन. "येऊन घेऊन जा तुझं पुस्तक." घेऊन जा? मी गेले. बाईंनी पैशांचं पाकीट आधीच करून ठेवलं होतं, दोनशे रुपये, वर माझं नाव. मी नको म्हणताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मुकाट्याने पर्समध्ये टाकलं. मग पुस्तक पुढे केलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिल. ऱ्हस्व-दीर्घ, एक सुटलेला आचार्य (पृष्ठ ९२, तो मला अजून कसा दिसला नाही देव जाणे), दोन ठिकाणी "याचा संदर्भ मागे कुठे?", आणि जागोजागी लहान लहान वर्तुळं. वर्तुळांत काय आहे ते बघायला मी पुस्तक नाकाशी धरलं.

"च," बाई म्हणाल्या. "केवढे च घातलेस गं. मोजायचे सोडून दिले मी. वाक्य लंगडं वाटलं की माणूस च ची काठी देतो."

मला हसू फुटलं. बाईंना ते का, ते कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बेसनाची वडी खाल्ली, नमस्कार केला, निघाले.

रात्री आईशेजारी बसून मी वर्तुळं बघत होते. बहुतेक ठिकाणी बाईंचं बरोबर. एका जागी मात्र माझी पेन्सिल थांबली. पृष्ठ १२ : 'ही मेस आईने एकटीनेच चालवली.' बाईंनी च ला गोल करून समासात लिहिलं होतं, गाळावा. गाळला तर वाक्य सपाट पडत होतं. ठेवला तर रडवेलं होत होतं. दुसरी आवृत्ती निघाली तर काय करायचं, कळेना. म्हटलं, जिच्याबद्दल आहे तिलाच विचारावं. "आई, मेस तू एकटीने चालवलीस की एकटीनेच?"

आई उशी सारखी करत होती. "एकटीने कुठे?" ती म्हणाली. "दोन वेळच्या शंभर-शंभर पोळ्या ती लाटायची. पावसापाण्याची जनता वसाहतीतून चालत यायची. अठरा वर्षं. तिचं आहे ना पुस्तकात?"

मी पानं उलटली. होतं. तीन ठिकाणी, तिन्ही ठिकाणी 'पोळ्यांच्या मावशी'. नाव त्या दीड पानात होतं.

"मावशी काय," आई म्हणाली, "तिला नाव नव्हतं का?" आणि तिने नाव सांगितलं. मी ते पृष्ठ १२ च्या समासात, बाईंच्या अक्षराखाली, पेन्सिलीने लिहून घेतलं. मग आडनाव विचारलं. आईने बराच वेळ आढ्याकडे पाहिलं. मलाही आठवेना. मी उठून दिवाणाखालून लाल वह्या काढल्या, एकेक करून चाळल्या. मेंबरांची सगळी नावं होती, आडनावांसकट, गावांसकट. मावशींनी कधी खाडा केला नव्हता, त्यामुळे त्यांची नोंद कुठेही नव्हती.